कपाटाचं दार

थोरल्या न्यायमूर्तींनी लाल पेन्सिलीला टोक केलं, त्यावर फुंकर मारली आणि निकालाच्या मसुद्याचं आणखी एक पान उलटलं. मसुदा लिहिणाऱ्या न्यायमूर्तीबाईंनी समोर बसून गार झालेला चहा उगाच ढवळला. पेन्सिल अजून कागदाला लागली नव्हती, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं. दुसऱ्याच्या मसुद्यातलं काहीतरी खोडल्याशिवाय थोरल्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. खोडायला काही मिळालंच नाही, तर ते मसुदा बाजूला सारून स्वतःचा लिहायला घेत. मग निकाल कुठल्या कुठे जाई.

खटला सरकारी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत राबणाऱ्या बायकांचा होता. वर्षानुवर्षं त्यांनी रुग्णांच्या चादरी धुतल्या. दर वर्षअखेर सरकार त्यांना एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर घ्यायचं. म्हणजे नोकरी कायमची कच्ची. आता हात सोलवटले, कंबरा गेल्या, तर सरकार म्हणत होतं, कसली पेन्शन? तुमची नोकरी जेमतेम वर्षभराची! बाईंनी शेवटच्या पानावर हुकूम लिहिला होता : नोकरी पहिल्या दिवसापासून धरा आणि पेन्शन द्या.

पण तिघांच्या खंडपीठात एकटीच्या मताला कोण विचारतो? कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले तिसरे न्यायमूर्ती, ज्यांना सगळे वकील पाठीमागे 'किंतुसाहेब' म्हणत, थोरले जातील तिकडे जायचे. त्यांच्या सोयीसाठी बाईंनी मसुद्यात त्यांच्याच एका जुन्या निकालाचा गौरवानं उल्लेख केला होता. दोनदा.

पेन्सिल थांबली.

"हे काय? सरकारला लबाड म्हणता?" थोरल्यांनी विचारलं.

"सरकारला नाही सर. वागण्याला."

थोरल्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोठ्यानं वाचलं, "'ज्यांनी धुतलेल्या चादरींवर हे शहर बरं झालं, त्यांना सरकारनं घरचं माणूस म्हणून राबवलं आणि देण्याची वेळ आली तेव्हा पाहुणं ठरवलं. कायद्यात याला काहीही नाव असो, साध्या भाषेत याला लबाडी म्हणतात.' हे न्यायालय आहे बाई, नळावरचं भांडण नव्हे."

"किंतु, भाषा जरा..." किंतुसाहेब म्हणाले आणि पुढचं थोरल्यांवर सोडून मोकळे झाले.

बाईंना आतून आनंदाची उकळी फुटली. चेहरा मात्र त्यांनी पाडला. तो पाडायची त्यांना घरून सवय होती.

लग्न झालं तेव्हा सासूबाई या वकील सुनेत उठता-बसता चुका काढत. उशिरा येणं, पलंगावरची पुस्तकं, करपलेलं दूध. मग बाईंना एक युक्ती सुचली. सकाळी निघताना कपाटाचं दार उघडं टाकायचं. सासूबाई ते बघत, उसासा सोडत, "एवढी शिकली, पण दार लावता येत नाही" म्हणत ते धाडकन लावत, आणि मग दिवसभर बाकी कशाकडे बघत नसत. त्या एका उघड्या दाराच्या जोरावर बाईंनी वकिली केली, दोन पोरं वाढवली आणि त्या न्यायमूर्ती झाल्या.

हा परिच्छेद म्हणजे तेच दार होतं. फक्त लिहिताना त्या जरा वाहवत गेल्या होत्या. नुसतं दार उघडं टाकायचं, तर आतलंही सगळं दिसायला लागलं होतं.

"तो काढला तर मसुद्यात जीव राहणार नाही, सर."

"जीव शेवटच्या पानावर आहे. त्याला मी हात लावत नाही. हा जाईल, तो राहील. बोला."

"निदान शेवटचं वाक्य तरी..."

"बाई, आपण काय बाजारात बसलोय?"

"नाही सर," बाई खाली मान घालून म्हणाल्या. किंतुसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात बसवलं.

बाईंनी मोठा उसासा सोडला. हुबेहूब सासूबाईंसारखा.

"काढा मग."

थोरल्यांनी परिच्छेद या टोकापासून त्या टोकापर्यंत चवीनं खोडला आणि सही केली.

"किंतु, माझा तो जुना निकाल..."

"दोनदा आहे," दोघं एकदम म्हणाले. किंतुसाहेबांनीही सही केली.

त्या दिवशी जिना उतरताना बाईंनी दोन-दोन पायऱ्या एकदम घेतल्या. पट्टेवाला बघतच राहिला.

निकालाच्या दिवशी लॉन्ड्रीतल्या बायका शेवटच्या रांगेत दाटीवाटीनं बसल्या होत्या. बाईंनी निकाल वाचला. शेवटचं पान संपलं, तरी त्या कायद्याच्या भाषेतलं मागे कुणाला काही उमगलं नव्हतं. त्यांच्या वकिलानं वळून मान डोलावली, तेव्हा कुठे एकीनं दुसरीचा हात गच्च धरला.

थोरल्यांनी घसा साफ केला.

"मी सहमत आहे. माझी दोन-तीन वाक्यं स्वतंत्रपणे जोडतो."

त्यांनी फाईलखालून एक सुटा कागद काढला. "ज्यांनी धुतलेल्या चादरींवर हे शहर बरं झालं..."

बाईंचं पेन हातातच राहिलं. थोरले अक्षर न् अक्षर वाचत गेले आणि 'लबाडी'वर आले तेव्हा त्यांनी आवाज चढवून सरकारी वकिलाकडे बघितलं. त्यानं नजर कागदात खुपसली.

एवढं कळायला मागच्या रांगेला वकील लागला नाही.

"बरोब्बर!" त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी ओरडली, आणि अख्खी रांग उठून उभी राहिली. बसा म्हणायचं पट्टेवाल्याच्या जिवावर आलं.

त्या गलक्यात बाई थोरल्यांकडे झुकल्या.

"हे नळावरचं होतं ना सर?"

"तुम्ही वाचलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई चिडल्या. मी लवकरच निवृत्त होतोय. मला कोण काय म्हणणार?" थोरल्यांनी तो कागद निकालाला टाचला. "आणि पुढच्या वेळी खोडायला म्हणून लिहाल तेव्हा जरा वाईट लिहा. मला फार जड गेलं."

घरी आल्या तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या.

"तुझ्या कोर्टाचं दाखवत होते. तो म्हातारा काय बोलला गं! पाणी आलं डोळ्यात."

"हो, छान बोलले," बाई म्हणाल्या.

त्यांनी काळा कोट कपाटात टांगला, आणि हाताच्या सवयीनं दार तसंच राहिलं. उसाशाची वाट बघत त्या क्षणभर थांबल्या.

सासूबाईंनी मान वळवली. दाराकडे बघितलं, मग सुनेकडे.

"आज नसतं उघडं ठेवलंस, तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.