टेपनं मोजलेला हँडलचा दांडा

शी! प्रेमिलाला बघूनच किळस आली. सायकलच्या हँडलखालचा जो उभा दांडा चौकटीच्या नळीत जातो, त्याला तिच्या नवऱ्यानं, महादेवरावांनी, डालड्याच्या डब्याचा पत्रा गुंडाळला होता. वरून ग्रीस असं थापलं होतं, की बोट लावायची सोय नाही.

जुन्या दांड्याला तडा गेला, म्हणून नवा आणायचा होता. असा दांडा आणायचा तर जुना बरोबर न्यावा, नाहीतर नळीच्या तोंडाची आतली रुंदी मोजावी. साधी गोष्ट. पण महादेवराव पडले इतवारी बाजारातले नावाजलेले टेलर! गळ्यातला टेप काढून त्यांनी मनगटाचं माप घ्यावं तसा दांड्याचा घेर घेतला, जुना दांडा भंगारवाल्याला देऊन टाकला आणि सायकलच्या दुकानातून नवा मुद्दाम एक माप बारीक घेऊन आले.

"काहून चिडून राहिली वं?" ते म्हणाले. "ढिला कपडा आत घेता येते. तंग झाला तं फेकाच लागते."

"हे काय बिलाऊज हाय, अवो?"

तिनं पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरलं आणि हँडल पिळलं. हँडल फिरलं, चाक जागेवरच. याच सायकलवर रोज सकाळी लेकीला, नंदाला, मागे कॅरियरवर बसवून, शाळेत सोडून, प्रेमिलाला दवाखान्यात नर्सच्या ड्यूटीला जावं लागे. कामठी रोडचे ट्रक कुणाची वाट बघत नाहीत. ऐन ट्रकसमोर हँडल असं फिरलं तर?

महादेवरावांनी पत्र्याची आणखी एक पट्टी खुपसली, तोंड लाल होईस्तोवर पाना फिरवला आणि म्हणाले, "झालं पक्कं! आता हत्तीले बसव. अख्खी इतवारी माह्या हातचे कपडे घालते, अन् घरच्याच बाईचा भरोसा नाही!"

"हाय ना भरोसा. नंदाले मागं बसवा अन् कामठी रोडवर एक चक्कर मारून या."

"एक काहून, चार मारतो!" पायजमा वर खोचून ते ऐटीत सीटवर बसले. नंदा दप्तरासकट धावत आली आणि टुणकन कॅरियरवर चढली. महादेवरावांनी पायडलवरचा पाय खाली घेतला.

"उतर वं, पोरी." मग बायकोकडे बघून खेकसले, "हिले काहून बसवून राहिली? उगाच पडली-बिडली तं?"

प्रेमिलाला आता त्या ग्रीसची नव्हे, या माणसाचीच शिसारी आली.

"अन् माह्या मागं बसली असती तं?"

महादेवराव उगाच पाना पुसू लागले.

तिनं नंदाला उतरवलं, दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि तिचा हात धरून पायीच निघाली. शाळेला उशीर होणार होता. होऊ दे मेला!