लाल चिठ्ठीचं पुस्तक

"बायकोनंच नवऱ्याला मारलं, हे तुला कुणी सांगितलं?" मराठीच्या बाईंनी वही टेबलावर आपटली.

घुमी पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग कुरतडत उभी राहिली. दहा प्रश्नांना तिचं एक उत्तर, म्हणून घरी तिला घुमी म्हणत. कॉलेजात तर ते नाव तिच्याआधीच पोचलं होतं.

"पुस्तकावर लाल चिठ्ठी होती, बाई. लाल म्हणजे रहस्यकथा."

"अगं, चुकून लागली ती! लेखिकेचं आत्मकथन आहे ते. नवरा आजारानं गेला त्यांचा, आणि तू संशयितांच्या याद्या करतेस?"

चिठ्ठ्या लावायचं काम ग्रंथपालकाकांचं. एका हातात चहा, दुसऱ्या हातात डिंक. "लाल काय नि निळी काय, आतलं थोडंच बदलतंय?" असं म्हणत त्यांनी नव्या पुस्तकांचा गठ्ठा उरकला होता.

वर्षभरात पाच नवी पुस्तकं वाचून प्रत्येकावर मत लिहायचं होतं. घुमीचं गाडं दरवेळी भलत्याच फाट्याला लागे. विनोदी लेख वाचून तिला रडू आलं. कादंबरीतल्या भुताची कीव आली. विज्ञानकथेत यानापेक्षा यान पुसणारी बाईच लक्षात राहिली. कविता कळल्या नाहीत, पण पाठ झाल्या. म्हणून लाल चिठ्ठी पाहून तिचा जीव भांड्यात पडला होता. रहस्यकथेत काय करायचं ते तरी ठरलेलं असतं. संशय घ्यायचा. तिने तो मन लावून घेतला.

"आणि माझंही चुकलं, न वाचताच तुमच्या वह्या लेखिकाबाईंकडे पाठवल्या," बाईंचा आवाज खाली आला. "आज त्या स्वतः आल्यात. म्हणाल्या, हिला एकटीला पाठवा. जा, माफी माग. त्या दुखावून गेल्या, तर या विषयात तू नापास. मी काही करू शकणार नाही."

शेजारच्या खोलीत लेखिका चपला काढून, पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवून बसल्या होत्या. एवढीशी बाई.

"चुकलं माझं, मावशी... म्हणजे मॅडम. मला वाटलं, गोष्ट आहे."

"मावशी चालेल. बस. वाच तुझे पुरावे."

घुमीने वही उघडली. अक्षरं तिचीच होती, पण आता दुसऱ्या कुणीतरी आगाऊ मुलीची वाटत होती.

"पहिला. औषधाचा पेला दोनदा धुतला. एकदाच धुतला असता, तर लिहिलाच नसता." तिने चोरून वर पाहिलं. लेखिका ऐकत होत्या. "दुसरा. त्यानं पाणी मागितलं, तिथे 'मी उठले' असं आहे. 'दिलं' असं नाही. तिसरा. त्या दुपारी कपडे वाळत घालण्यावर अख्खं पान आहे. घाबरलेलं माणूस चिमट्यांचे रंग बघत नाही."

लेखिका रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"एक राहिला तुझा."

"काय?"

"डॉक्टरांना फोन लावला, असं लिहिलंय मी. किती वाजता, ते नाही लिहिलं." त्यांनी पर्समधून पेन काढून तिच्यापुढे ठेवलं. "लिही. चौथा."

ही थट्टा, की परीक्षा? घुमीने पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"पण मावशी, मग हे... रहस्य आहे, की आत्मकथन?"

"चिठ्ठ्या लावणाऱ्याला विचार गं बाई. मला तर लिहून झाल्यावरही कळलं नाही."

पदराचा आणखी एक वेढा त्यांच्या बोटाला बसला. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. ते सोडवावं का, तेही घुमीला कळेना.

तेवढ्यात बाई दारात आल्या.

"काय, मागितली का माफी?"

घुमीने तोंड उघडलं.

"अजून नाही," लेखिका म्हणाल्या.