नाकवाल्यांची पारख

सासऱ्यांना बंदराचा सगळा धक्का नाकवाले म्हणायचा, आणि ते नाव त्यांनी चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करून कमावलं होतं. त्यांनी कधी पुस्तक उघडलं नाही. तेल मोजायची डिपस्टिक बाहेर काढायची, तेलाचा थेंब अंगठ्यावर घेऊन चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि निकाल द्यायचा. पाणी शिरलंय, तेल जळलंय, अजून महिनाभर चालेल. निकाल चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि आठवत असलं तरी तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती.

सूनबाई यंत्रांचं शिक्षण घेऊन या घरात आली होती. नवरा भूगोलाचा मास्तर. जगातले सगळे समुद्र त्याला तोंडपाठ, पण बांधलेल्या बोटीत पाय ठेवला तरी त्याचं पोट ढवळायचं. त्यामुळे सासऱ्यांचा कारखाना आपसूक तिच्याकडे आला. सहा वर्षांत सासऱ्यांनी पाने-पकडी, गिऱ्हाइकं, किल्ल्यांचा जुडगा, सगळं तिच्या हवाली केलं. तेल मात्र नाही. कुठल्या इंजिनात कुठलं तेल घालायचं, हे अजूनही ते एकटेच ठरवायचे. तिनं कंपनीचं पुस्तक पुढे केलं की विचारायचे, "याला नाक आहे का?" आणि ती गप्प बसायची. गप्प बसायची म्हणजे बाहेरून. आत तिचं रोज एक भांडण व्हायचं आणि त्यात ती रोज जिंकायची.

बोटींच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर आपली नवीकोरी बोट घेऊन आले. मागे अडीचशे घोड्यांचं इंजिन आणि काखेत तेलाचा सोनेरी डबा. डब्यावर शर्यतीच्या मोटारीचं चित्र होतं. एवढ्या वेगवान मोटारीला जे तेल चालतं ते आपल्या बोटीला पावलंच पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब. शिवाय एक आनंदाची बातमी होती. लोकांच्या इंजिनातलं तेल कमी होतं, यांचं वाढत होतं. खुणेच्या वर चांगलं दोन बोटं. गाय जास्त दूध द्यायला लागल्यासारखं ते सगळ्यांना सांगत होते. बायकोला वेगाची भीती, म्हणून थंडीभर त्यांनी बोट काठाकाठानं, बैलगाडीच्या चालीनं फिरवली होती. बायकोचा हात सतत खांद्यावर. हात घट्ट झाला की वेग कमी करायचा.

सूनबाईनं मात्र लगेच ओळखलं. तेल काही आपोआप वाढत नाही. थंडीत इंजिन नीट तापू न देता हळूहळू चालवत राहिलं, की न जळलेलं पेट्रोल झिरपून तेलात उतरतं. पातळी वाढते आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. ते घेऊन उद्या बोट पूर्ण वेगात सोडली, तर आतले भाग एकमेकांवर घासून इंजिन जागच्या जागी आवळून बसणार, आणि मागून वीस बोटी सुसाट येत असणार.

तरी ती फारशी घाबरली नाही. पेट्रोलचा वास बाबांच्या नाकातून सुटणं शक्य नव्हतं. पाचसात माणसं नेहमीसारखी भोवती जमली. सासऱ्यांनी थेंब घेतला, चोळला, डोळे मिटले, हुंगला.

"तेल एकदम उत्तम आहे," ते म्हणाले. "खुशाल पळवा."

सूनबाई हातभर अंतरावर उभी होती आणि पेट्रोलचा वास तिच्या नाकात नुसता भरला होता.

सहा वर्षं ज्या चुकीची वाट पाहिली ती समोर उभी होती, तेही चारचौघांत. पण तिला काडीचाही आनंद झाला नाही. आता बोलावं तर या माणसाचं नाक सगळ्या धक्क्यासमोर कापलं जाणार, न बोलावं तर डॉक्टरांचा जीव जाणार. मोठा पाना सापडत नाही, अशी थाप मारून तिनं सासऱ्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबा, त्या तेलाला पेट्रोलचा वास येतोय."

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग पिंपावर बसले.

"थंडीत सर्दी झाली होती, तेव्हापासून कसलाच वास येत नाही," ते हळूच म्हणाले. "तुझ्या सासूनं दूध करपवलं तरी मला कळलं नाही. मला वाटलं, चला, या वयात तिचा हात सुधारला."

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. इतके महिने ते नुसते डोळे मिटून अंदाजपंचे निकाल देत होते. त्यांनीच सांगितलं, बोटांना तेलाचा घट्टपणा कळायचा, त्यावर निभावत होतं. आज मात्र लोकांची घाई आणि डॉक्टरांचा हसरा चेहरा, त्यात बोटांकडेही लक्ष राहिलं नाही.

तिनं तोडगा काढला. पुन्हा एकदा तपासू म्हणायचं, तिनं हळूच खूण करायची, त्यांनी निकाल फिरवायचा. कोणाला पत्ता लागणार नाही. सासऱ्यांनी मान हलवली, पाना उचलला, आणि बाहेर जाऊन भलतंच बोलले.

"माझं नाक गेलंय," ते सगळ्यांना म्हणाले. "आत्ता दिलेला निकाल चुकीचा आहे. आजपासून तेलाचं हिला विचारायचं."

डॉक्टरांनी डबा काखेतून खाली ठेवला. सूनबाईनं कामाला हात घातला. तिनं सगळं तेल काढायला लावलं. उघडीच अडकून इंजिन तापू न देणारी झडप बदलली, यापुढे दर खेपेला थोडा वेळ जोरात चालवायला सांगितलं आणि तो सोनेरी डबा परत दिला. मोटार उतारावर दम खाते, ती म्हणाली, बोटीला उतार नसतो. तिला जन्मभर चढणच. शिवाय ती आठवडाभर ओलीत उभी असते. मोटारीचं तेल गंज थोपवत नाही. बोटीचं तेल वेगळं, पुस्तकात सांगितलं तेवढ्याच जाडीचं. ते पुस्तक सासऱ्यांनीच तिच्यासाठी धरून ठेवलं होतं, उलटं.

माणसं पांगली. तिनं नव्या तेलाचा डबा फोडला तेव्हा सासरे जवळ आले. त्यांनी सवयीनं थेंब अंगठ्यावर घेतला, नाकाशी नेला आणि हात खाली केला.

"वास कसा येतोय?" त्यांनी विचारलं. "नव्या तेलाचा. सांग ना मला."

सूनबाईनं हुंगलं. इतकी वर्षं पुस्तकातले आकडे वाचले होते, हे कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. तिनं पुन्हा हुंगलं.

"गोडसर," ती म्हणाली. "थांबा हं बाबा, नीट सांगते."

ते पिंप ओढून तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी डोळे मिटले.