अवसरीहून आलेली कमान

मी एक रिव्हॉल्व्हर. जन्म विलायतेतला, मुक्काम पारगाव, तालुका आंबेगाव, वय शंभरीच्या घरात. माझ्या हातून आजवर कोणीही मेलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या जमातीबद्दल लोकांची मते फार वाईट असतात.

सावळेराम पाटलांनी मला परवाना काढून घरी आणले. परवान्यावर कारण लिहिले होते, ‘शेतीचे व जिवाचे संरक्षण’. प्रत्यक्षात मी कपाटात बसून घराच्या अब्रूचे संरक्षण केले. पाहुणे आले की मला बाहेर काढायचे, हातात तोलून बघायचे, ‘लई जड हाय’ म्हणायचे आणि परत ठेवायचे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचे. तेवढाच माझा प्रवास.

सावळेरामांनंतर मी त्यांच्या मुलाकडे, भगवंतकडे आलो. तो भाविक. दर दसऱ्याला मला पाटावर ठेवून दुधापाण्याने न्हाऊ घाली, हळदकुंकू वाही आणि वरून स्वच्छ पुसून घेई. आतून कोण पुसणार? घोड्यामागे माझी एक पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, असते, चिमट्यासारखी दुमडलेली. तिच्या जोरावर घोडा काडतुसावर आपटतो. इतक्या दसऱ्यांचे दूध पिऊन ती गंजली आणि एके दिवशी मोडली. शत्रूने केले नसते ते भक्ताने केले.

बरीच वर्षे कोणाला पत्ताही लागला नाही. पूजा चालूच होती.

मग उसात बिबट्या आला. आधी कुत्री गेली, मग गोठ्यातले वासरू. भगवंतची बायको शीला रोज अंधारातच धार काढायला गोठ्यात जाई, कारण दुधाची गाडी उजाडायच्या आत येई. गोठा उसाला लागून. वनखात्याचा माणूस सांगून गेला, “एकट्यानं जाऊ नका. दोघं जा, मोठ्यानं बोलत जा.”

“आवो, तुमी येत जा की संगं,” शीला म्हणाली.

“मी? धार काढाया? गाव काय म्हणंल!”

“आन् मला वाघानं नेल्यावर गाव काय म्हणंल?”

बाई धार काढते आणि पुरुष नुसता शेजारी उभा, हे भगवंतच्या घराण्यात झालेले नव्हते. मग त्याला मी आठवलो. हवेत एक बार काढला की बिबट्या पळेल, असा त्याचा हिशेब. चाप ओढला, तर घोडा नुसता लुळा पडला.

शेजारच्या भिमाजीने गॅरेजात घड्याळाच्या कमानीची पट्टी कापून बसवली. “चालतंय की राव!” तो म्हणाला. चालले नाही, घोडा मुंगीसुद्धा मरणार नाही इतक्या हळू टेकला. पुण्याच्या बंदूकवाल्याने दुसऱ्याच जातीची कमान बसवून पाहिली. ती इतकी ताठ की चाप हलेना. “या बनावटीचीच पाहिजे,” तो म्हणाला, “आणि ती आता कुठे मिळत नाही.”

मला विचारले असते तर मी सांगितले असते. पण आम्हाला कोण विचारतो?

दोन हजार चारच्या निवडणुकीनंतर भगवंत मला ठाण्यातून सोडवायला आला, तेव्हा हवालदाराने टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. “घ्या, जुळी भावंडं. दुसरं अवसरी खुर्दच्या सोमाजीचं.” त्या भावाशेजारी मी कितीतरी निवडणुका एकाच पेटीत पडून काढल्या होत्या. त्याचा चाप तुटलेला होता, कमान ठणठणीत.

भगवंत थेट अवसरीला गेला.

“सोमाजीभाऊ, तुमच्या हत्याराची कमान पाहिजे व्हती.”

“आन् आमी दसऱ्याला काय पुजायचं?”

“पूजेला कमान कशाला लागती? देव काय चाप वढून बघतोय?”

सोमाजीने आपले रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिले. “त्ये बी खरंच म्हना. न्या. वरनं तर सारखंच दिसंल.”

दोघांनी मिळून आम्हाला पुण्याला नेले. कमान माझ्यात बसली आणि घोडा ठण्णकन वाजला. भावाबद्दल वाईट वाटले. पण तोही पूजेचाच देव, त्याचे काही अडणार नाही.

घरी येताच भगवंत अंगणातून शेजारच्या भिमाजीला ऐकू जाईल असे म्हणाला, “उद्यापास्नं मी जातो गोठ्यावर. बंदोबस्ताला!” धार काढताना उभे राहणे कमीपणाचे, बंदोबस्त मानाचा.

तेवढ्यात शीलाने कपाटातून काडतुसांचा डबा काढला. गळक्या छपराखाली त्याने दोन पावसाळे काढले होते. एका काडतुसाचे शिसे तिच्या हातातच सुटले. आतल्या दारूचा ओला गोळा झालेला. तिने अंगणाकडे पाहिले. शिसे होते तसे दाबून बसवले आणि डबा नवऱ्याच्या हातात दिला.

“उडवून बघायची न्हाईत हां,” ती म्हणाली. “या मापाची आता मिळत न्हाईत. येळंला लागतील.”

“येवढं कळतंय मला!”

तेव्हापासून तो रोज मला कमरेला लावून तिच्यासोबत जातो. परवा बिबट्या बांधावर बसलेला मी पाहिला. भगवंत साडूच्या नव्या ट्रॅक्टरबद्दल मोठमोठ्याने बोलत होता. बिबट्याने थोडा वेळ ऐकले, मग कंटाळून उठला आणि उसात गेला. शीला धार काढत राहिली.

तुम्ही कधी पारगावला आलात, तर माझी कमान जरूर बघा, अस्सल आहे. काडतुसांचा विषय मात्र काढू नका.