फितीवरच्या कोऱ्या जागा

मित्रांनो, पुसेगावच्या शाळेतल्या कपाटात धूळ खात पडलेला तो लोखंडी खोका म्हणजे मी. मी एक जुना टेप-रेकॉर्डर आहे, पण माझ्यातून कधी गाणं वाजलं नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी फितीवर उतरवून घ्यायच्या, एवढंच माझं काम.

मला हट्टा गावच्या नरसिंगने बनवलं. शहरातल्या प्रयोगशाळेत नोकरी करता करता जुन्या मोटारी, पितळी चाकं जमवत दोन वर्षं तो माझ्यामागे हात धुऊन लागला होता. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात पुसेगावच्या माळावर बांबूंवर तारा ताणल्या आणि मी गुरू ग्रहाच्या लहरी टिपू लागलो. परदेशी यंत्र मागवायचं की माझीच भावंडं घडवायची, हे माझ्या पहिल्या रिळावर ठरणार होतं.

रीळ भरलं. सेनगावच्या उत्तमसिंगच्या जीपमधून ते हिंगोली स्टेशनवर गेलं, तिथून प्रयोगशाळेत. आठवड्याने तिथले प्रमुख व्यंकटराव रीळ घेऊन स्वतःच आले.

"नरसिंग, फीत जागोजागी कोरी आहे. तुमचं यंत्र मध्येच झोपा काढतं. खोला आणि सुटे भाग परत पाठवा."

मी झोपलो नव्हतो हो! पण मला बोलता कुठे येतं? नरसिंगने पेचकस उचलला.

पहिला स्क्रू काढण्याआधी त्याने ते रीळ एकदा लावलं आणि कान देऊन ऐकत राहिला. रिळावर फितीचे वेढे मोठे होते तिथे कोऱ्या जागा लांबलांबच्या अंतराने येत होत्या. वेढे लहान झाले तशा जवळ जवळ.

"साहेब, चूक यंत्राची असती तर कोरी जागा सारख्या अंतरानं आली असती. हे तर प्रत्येक वेढ्याला एकदा पुसलं गेलंय. वाटेत रिळाला एका बाजूनं लोहचुंबक लागलंय."

दोघे उत्तमसिंगकडे गेले.

"खाली ठिवलं असतं तर गचके बसले असते," तो म्हणाला. "जीपमधी लग्नाचा लाऊडस्पीकर व्हता. त्याच्यावर चादर टाकून बराबर वर ठिवलं. काहून, काय झालं?"

लाऊडस्पीकरच्या पोटात केवढं लोहचुंबक असतं, ते नरसिंगने सांगितलं. उत्तमसिंगचा चेहरा पडला. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? त्याने तर जपलंच होतं.

मला कुणी खोललं नाही. फितीचे उरलेले तुकडेही कामी आले. पुढच्या खेपेला जीप सुरू करण्याआधी उत्तमसिंगने विचारलं, "साहेब, ह्याला कशाकशानं तकलीफ होते, ते आधी सांगा." मला फार बरं वाटलं.

पुढे माझीच सुधारलेली भावंडं आली आणि मी या शाळेत आलो. गंज चढला, झाकण हरवलं. त्याची तक्रार नाही, मित्रांनो. पण नरसिंगने भरलेलं शेवटचं रीळ अजून माझ्यावर चढवलेलं आहे. आणि परवा झेंडावंदन झाल्यावर कुणीतरी शाळेचा लाऊडस्पीकर स्वच्छ पुसून, कापडात गुंडाळून त्याच रिळाला टेकवून ठेवलाय. जपूनच ठेवलाय.

तेवढा जरा उचला ना.