अख्खा भोपळा

"कापून देणार नाही. घ्यायचा तर अख्खा घ्या," भाजीवाली म्हणाली. "म्हणून तर एवढा स्वस्त लावलाय. कोणी उचलतच नाही मेल्याला."

मशीनकाकूंनी भोपळ्यावर टिचकी मारून पाहिली. त्यांचं शिवणयंत्र दिवसभर दाराशी खडखडत असे, म्हणून सारी इमारत त्यांना याच नावाने ओळखे. नवऱ्याची ड्रायव्हरची नोकरी सुटली होती, आणि काल डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं होतं. गोळ्या दिल्या होत्या. शिवाय पालेभाज्या, कडधान्यं, अंडी, रोज काहीतरी बदलून खाऊ घाला म्हणाल्या. घरात मात्र आठवडाभर बटाटाच ठाण मांडून बसला होता.

काकूंनी भोपळा उचलून कडेवर घेतला.

"हे काय!" घरी लेक हसत सुटली. "गणितात मला मिळाला तेव्हा केवढी ओरडलीस. आता स्वतःच आणलास?"

निम्मा घरी ठेवून उरलेल्याच्या फोडी काकूंनी ताटात रचल्या, तसा नवरा दारात आडवा आला.

"दारोदार फिरणार? लोकांना कळेल ना सगळं."

"तुम्ही रोज डबा घेऊन बागेत बसता, ते लोकांना कधीच कळलंय," काकू हळूच म्हणाल्या. "आणि मी वाटायला चाललेय, मागायला नाही."

तो बाजूला झाला.

वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी फोड पाहून सुस्काराच सोडला. "बरं झालं बाई! स्वस्त मिळाला म्हणून ढीगभर पालक आणलाय, एकटी किती खाऊ? निम्मा न्या." त्यांच्या शेजारच्या पेन्शनर आजोबांनी अंड्यांचा ट्रेच पुढे केला. "सूनबाई, थोडं घ्यावं तर महाग, जास्त घ्यावं तर नासतं. एकट्याने खायचं तरी कसं?"

"मग सगळे मिळून घेऊ या की," काकू बोलून गेल्या.

"ठोक बाजार लांब. पोती आणणार कोण?" आजोबा म्हणाले.

"माझ्या भावाचा टेम्पो रविवारी उभाच असतो," नर्सताई म्हणाल्या. "पण ड्रायव्हरला त्या दिवशी सुट्टी, चालवणार कोण?"

काकूंनी मागे वळून पाहिलं. नवरा जिन्यात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने घसा खाकरला. "ब्रेक तपासून घेतो आधी," तो म्हणाला.

रविवारी जिन्याखाली जत्राच भरली. मसूर, हरभरे, गाजरं, केळी. तराजू नवऱ्याच्या हातात. आजोबा गाजर कुरतडत हिशेबात चुका काढत होते, आणि लेक केळी खात सगळ्यांच्या पिशव्या धरत होती.

"मला जरा जास्त घाला की," नर्सताईंनी लाडीगोडी लावली.

"काटा सगळ्यांना सारखा, ताई. आणि पुढच्या रविवारी वेळेवर खाली या. मी कुणासाठी गाडी थांबवत नाही."

वर दाराशी काकू कुणाचीतरी चोळी शिवत होत्या. नवऱ्याचा तो चढा आवाज कानावर पडला आणि त्यांचा पाय मशीनवर थांबला. दोरा तुटला होता म्हणून नव्हे. आणखी थोडं ऐकावंसं वाटलं, इतकंच.