मुलुंडमध्ये नको

विद्याधरांनी पाण्याने भरलेला पेला खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत ओतला, पेला विसळून पालथा घातला आणि ते मागे वळले, तर स्वयंपाकघराच्या दारात मिहिर उभा होता.

"कोरफडीला एवढं पाणी लागत नाही, बाबा."

"उकडतंय ना. सुकली होती."

कोरफड सुकलेली नव्हती. सकाळचा चहा बाबांनी अर्धाच घेतला होता, दुपारी ताक नको म्हणाले होते, आणि आता हे पाणी. मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सध्या ते दोघंच होते. मिहिरची आई, सुहासिनी, लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती. ती गेल्यापासून बाप-लेक एकमेकांशी फार सभ्यपणे वागत होते. कोण भात लावणार, कोण कपडे वाळत घालणार, एवढंच बोलणं. बाकीचं सगळं आजवर तिच्यामार्फत व्हायचं.

विद्याधर निवृत्त ड्राफ्ट्समन होते. सगळं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेलं. अजूनही बाजारात काय आणायचं ते सांगताना दुकान कुठे आहे हे ते कागदावर काढून दाखवत. पण गेले काही महिने ते स्वतःच्या कपड्यांची एक छोटी बादली वेगळी भिजवत होते, बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास जात होता, आणि आत नळ उगाच वाहत असायचा.

रविवारी दाढीचं नवं ब्लेड शोधताना मिहिरला गीझरच्या मागे एक अँटिसेप्टिक मलमाची ट्यूब सापडली. शेवटपर्यंत पिळून, वळकटी करून ठेवलेली. ती हातात घेऊन तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग होती तशी, होती तिथे ठेवून दिली.

अशीच एक ट्यूब त्याच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली होती.

कॉलेजात असतानाच त्याच्या लक्षात आलं होतं की आपल्या लिंगाची पुढची कातडी मागे जात नाही. एकदा जोर लावून पाहिलं तेव्हा ती चिरली, रक्त आलं आणि पुढचे काही दिवस लघवीला जाताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यानंतर त्याने तो विषयच बंद केला. अधूनमधून मोबाइलवर वाचायचा, 'डॉक्टरांना दाखवा' या ओळीपर्यंत यायचा आणि तिथे थांबून सगळं पुसून टाकायचा. आता तो एकोणतीस वर्षांचा होता. गंधालीशी साखरपुडा होऊन वर्ष होत आलं होतं, आणि लग्नाची तारीख मात्र तो पुढे पुढे ढकलत होता. आधी ऑफिसातलं काम, मग ताईचं बाळंतपण.

संध्याकाळी विद्याधर टीव्हीसमोर बसले होते. मध्येच उठले, बाथरूममध्ये जाऊन आले आणि परत बसताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बाबा, लघवीला जळजळतंय का?"

विद्याधरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग थोड्या वेळाने कमी केला.

"उन्हाळी लागली असेल."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून उन्हाळी?"

विद्याधर बातम्यांकडे बघत राहिले. मग सोसायटीच्या सभेत गळतीची तक्रार मांडावी तशा आवाजात म्हणाले, "पुढची कातडी मागे जात नाही आता. आधी जायची. तिला चिरा पडल्यात. खाजही आहे. झालं समाधान?"

"आईला माहीत आहे?"

"तिला कशाला?"

"मग डॉक्टरकडे जाऊ. सामेलबाईंकडे."

"सामेलबाई तुझ्या आईबरोबर भिशीत आहेत."

"दुसरीकडे जाऊ मग. स्टेशनजवळ एक आहेत."

"मुलुंडमध्ये नको," विद्याधर म्हणाले. आणि थोडं थांबून, "घाटकोपर चालेल."

रात्रीच्या जेवणाआधी गंधालीचा फोन आला. ती गोरेगावला एका स्टुडिओत संकलनाचं काम करायची आणि तिथून निघताना रोज फोन करायची. आज तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"हॉलवाले थांबत नाहीयेत रे. डिसेंबर पाहिजे असेल तर आत्ता सांगावं लागेल. माझे बाबा मला विचारतात, मी तुला विचारते, तू गप्प."

"बघतो ना."

"मिहिर, तुला नको असेल तर स्पष्ट सांग. मी रडत बसणार नाही. पण हे बघतो-बघतो नको."

"नको असं नाहीये गं."

"मग काय आहे?"

तो गॅलरीत उभा होता. खाली सोसायटीचा माळी पाइप गुंडाळत होता. "सांगतो," मिहिर म्हणाला. ती थोडा वेळ वाट बघत राहिली आणि मग तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं रिक्षाने घाटकोपरला गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत पाच-सहा पुरुष बसले होते, सगळे मोबाइलमध्ये मान घालून. विद्याधरांनी कोपऱ्यातली खुर्ची धरली, आणि शेजारच्या माणसाने मान वर केली. ते मधुकर राणे होते. मुलुंडचेच, त्यांच्याच सोसायटीतले, समोरच्या विंगमधले.

"तुम्ही इकडे?" राणे म्हणाले.

"हो. तुम्ही?"

"हो."

त्यानंतर दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरचा बारकाईने अभ्यास केला.

नंबर आला तेव्हा मिहिर बसूनच राहिला. विद्याधर दोन पावलं गेले आणि थांबले. "तूही ये. नंतर मला सगळं आठवत नाही."

डॉक्टर म्हात्रे चाळिशीतले होते. त्यांनी विद्याधरांना पडद्यामागे नेऊन तपासलं. पडद्याच्या अलीकडे मिहिर आपल्या बुटांकडे बघत बसला. आतून डॉक्टरांचे प्रश्न ऐकू येत होते. धार बारीक झालीय का, कातडी फुगते का, रात्री किती वेळा उठता, तहान लागते का. बाबांची उत्तरं आधी एकेका शब्दाची होती, हळूहळू लांबत गेली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "साखर तपासली होती कधी?"

"रिटायर होताना. चांगली होती."

नर्सने बोटाला टोचून थेंब घेतला. छोट्या यंत्रावर आकडा आला तो तीनशेच्या जवळचा होता. विद्याधरांनी चष्मा सारखा करून तो पुन्हा वाचला.

"दुखणं कातडीचं आहे, पण मूळ इथे आहे," डॉक्टर त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले. त्यांनी पॅडवर पेनाने एक चित्र काढायला घेतलं. "लघवीतून साखर उतरते, इथे आत बुरशी वाढते. कातडी सुजते, चिरते, आणि भरून येताना दर वेळी थोडी आवळते."

विद्याधर पुढे वाकून चित्राकडे बघत होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "हे तुम्ही समोरून काढलंय. मध्ये उभा छेद घेतला तर कळेल." आणि त्यांनी शेजारी, दोन-तीन सरळ रेषांत, छेद काढला. "आवळतं ते इथे. बरोबर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं काढलंत."

पेन्सिल हातात आल्यावर विद्याधर बदलले. कोणतं मलम, किती दिवस, साखर उतरली की आवळलेलं सैल होतं का, सगळं त्यांनी विचारलं. मग पेन्सिल खाली ठेवून, आवाज उतरवून म्हणाले, "म्हणजे हे माझ्या अस्वच्छपणामुळे नाही?"

"अजिबात नाही. साबणाने घासत होतात ना? त्यानेच जास्त चिडलीय ती. कोमट पाणी पुरे."

विद्याधरांनी खुर्चीला पाठ टेकली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

"कापावं लागेल?"

"आधी मलम आणि साखर. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर लहानसं ऑपरेशन, संध्याकाळी घरी."

"नाही, आपल्यात तसं करत नाहीत, म्हणून..."

"बरेच जण विचारतात. कातडीला माहीत नसतं हो आपण कोण ते." डॉक्टर हसले नाहीत, त्यामुळे विद्याधर हसले. "एक मात्र नीट ऐका. जोर करून मागे ओढायची नाही. आणि कधी मागे जाऊन तिथेच अडकली, पुढे येईना, सूज यायला लागली, तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं. सकाळ होऊ दे, सोमवार येऊ दे, असं नाही. लघवी अडली तरी तसंच. आणि गाठ, न भरणारी जखम किंवा पांढरा कडक चट्टा दिसला तर दाखवायला टाळाटाळ करायची नाही."

ते औषधं लिहायला लागले.

"आणि," मिहिर म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "आणि पहिल्यापासूनच मागे जात नसेल तर? म्हणजे साखर वगैरे काही नाही. तरुण माणसाला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कोणाला?"

"असंच. वाचलं होतं कुठेतरी."

विद्याधर आपण काढलेल्या छेदाकडे बघत होते. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. पेन्सिल खिशात ठेवली, डॉक्टरांच्या हातातला कागद घेतला आणि ते उठले.

"औषधं मी आणतो. खाली दुकान आहे, येताना बघितलंय. मिहिर, तू बस. काय ते नीट विचारून घे. मला काही घाई नाही."

त्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. ते पूर्ण लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडून, नीट लावलं.

मिहिरने बंद दाराकडे पाहिलं. मग आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"माझं आहे, डॉक्टर."

"हं," डॉक्टर म्हणाले, जणू त्याने आपलं वय सांगितलं होतं. "या, बघू या."

तो खाली आला तेव्हा औषधाच्या दुकानाच्या पायरीशी विद्याधर आणि राणे उभे होते. राणे हातवारे करून आपल्या प्रोस्टेटबद्दल काहीतरी समजावत होते, आणि विद्याधर मधूनमधून मान डोलावत होते. मिहिरला पाहून राणे निघाले. "येतो. भेटू सोसायटीत," ते म्हणाले.

मिहिरच्या हातात दुसरा कागद होता. विद्याधरांनी तो न वाचताच काउंटरवर सरकवला. "हेही द्या."

दुकानदार आत गेला.

"दीड महिना मलम लावायचंय," मिहिर म्हणाला. "रोज हलक्या हाताने ताण द्यायचा. बहुतेक सुटेल म्हणाले. नाहीतर मग ते ऑपरेशन."

"बरं."

"फार कॉमन आहे म्हणाले."

"असेल." विद्याधर काचेतल्या टूथब्रशांकडे बघत होते. "तू लहान होतास तेव्हा आम्ही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, ओढू नका, मोठा होताना आपोआप मोकळी होईल. मग तू एकटा आंघोळ करायला लागलास. त्यानंतर कोण विचारतं?"

मिहिरने काउंटरवर आलेली मलमाची छोटी पिशवी घेतली आणि खिशात कोंबली. मग फोन काढला.

"बाबा, मी जरा एक फोन करतो."

"कर. मी रिक्षा बघतो."

तो दुकानाच्या बाजूच्या बोळात गेला. गंधालीने पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल."

"गंधाली, वेळ आहे? हॉलचं नाही. म्हणजे हॉलचंच, पण आधी दुसरं सांगायचंय."

"थांब, बाहेर येते." दार लागल्याचा आवाज आला. "हं."

त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात सांगून टाकलं. काय आहे, कधीपासून आहे, डॉक्टर काय म्हणाले, तारीख का ढकलत होता. शब्द डॉक्टरांचेच वापरले. आपले त्याच्याकडे नव्हते. फोन कट झाला असं वाटून त्याने स्क्रीनकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

"दुखतं का रे?" गंधाली म्हणाली.

ती काय काय विचारेल याची त्याने जिना उतरताना तयारी केली होती. हे त्यात नव्हतं.

"कधी कधी," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकला.

"बरं. थांब, घाई नाही. बोल तू."

रस्त्याच्या कडेला एक रिकामी रिक्षा विद्याधरांसमोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने विचारलं, "मुलुंड?" विद्याधरांनी एकदा बोळाकडे पाहिलं. भिंतीला टेकून मिहिर बोलत होता. त्यांनी ड्रायव्हरला हातानेच जा म्हणून सांगितलं आणि ते पुढच्या रिक्षाची वाट बघत उभे राहिले.